गाण्याआड दडवलेला आवाज

मित्रांनो, मी टेंभुर्णीची एक जुनी पांढरी मोटार आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. स्वतःची गोष्ट गोड शब्दांत सांगावी म्हणतात. मला ते जमणार नाही.

माझे मालक राधेश्याम. गावात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. मी नवी होते तेव्हा ते मला रोज पुसायचे, दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे. पुढे त्यांच्या आईच्या, दुर्गाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून डायलिसिससाठी त्यांना जालन्याला मीच नेते. ऊन असो की चिखल, मी त्यांना कधी वाटेत सोडलं नाही. "ही गाडी न्हाई, माझी लेक हाय," असं दुर्गाबाई शेजारणींना सांगायच्या.

मग माझ्या पोटातून घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायचा, पाय काढला की विरायचा. मला दुखतंय, हे मी आणखी कसं सांगणार होते? आणि राधेश्यामांनी काय केलं? गाण्याचा आवाज वाढवला!

"अहो, गाडी रडून राह्यली. दाखवा ना कुठं," त्यांची बायको साधना म्हणायची.

"जुनी झाली. आवाज करणारच," ते म्हणायचे. अंगणात माझ्याखाली तेलाचा काळा डाग पडू लागला, तर त्यावर त्यांनी राख टाकली.

शेवटी जालन्यातल्या एका गॅरेजात मला नेलं. तिथल्या माणसाने मला चालवूनही पाहिलं नाही. बोनेट उघडलं आणि इंजिनाचा पट्टा बदलला. आवाज गेला नाही, म्हणून बॅटरी भरणारा अल्टरनेटर बदलला. पोट दुखतंय आणि औषध डोळ्यांत घालताहेत! खर्च झाला, आवाज तसाच. तेव्हा राधेश्याम माझ्यावरच खवळले. "भंगार साली! इकूनच टाकतो," म्हणत त्यांनी माझ्या दारावर लाथ मारली. ती लाथ मी अजून विसरलेले नाही.

गिऱ्हाईक घराशेजारीच मिळालं. बद्रीनाथकाकांची नात भावना जालन्याला कॉलेजला जाते. तिच्यासाठी त्यांना गाडी हवी होती. काकांना मला चालवून दाखवायला राधेश्याम राजूरच्या रस्त्याला निघाले. गणपतीचं दर्शन होईल म्हणून साधनाही मागे बसली. गाणं दणदणत होतं.

"आवाज जरा जास्तच हाय," काका म्हणाले.

"डेकची बी पारख करा की, काका!" राधेश्याम हसले.

मागून साधनाचा हात आला आणि गाणं बंद झालं. घूंऽऽ!

"हे काय वाजून राह्यलं?" काकांनी विचारलं.

"काही न्हाई. टायर हाय."

"टायर न्हाई, काका." साधना पुढे झुकली. "गाडीत बिघाड हाय. काय ते अजून सापडलं न्हाई. भावना एकटी चालवणार ही गाडी. तिला काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू?"

राधेश्यामांनी करकचून ब्रेक मारला. "घरचीच माणसं सौदा मोडायला निघाली!"

"सौदा? आन् आईला ह्याच गाडीत नेऊन राह्यले ना तुम्ही?" साधना ओरडली.

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "मला काका म्हणतोस, आन् माझ्या नातीच्या जिवाशी खेळतोस? चल राजूरला. पुंजाराम मिस्त्रीला दाखव, माझ्यासमोर!"

पुंजाराम मिस्त्रींनी आधी मला उभी ठेवून इंजिनाला जोर दिला. आवाज नाही. मग स्वतः चालवलं. गिअर टाकून जोर देताच घूंऽऽ सुरू झाला.

"उभ्या गाडीत न्हाई, गिअरमध्ये जोर दिल्यावर येतो. म्हंजी पट्ट्याचा ह्याच्याशी संबंध न्हाई," ते म्हणाले. ते माझ्याखाली शिरले. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याजवळचं, तेल अडवणारं सील फाटलं होतं आणि गिअरबॉक्समधलं तेल जवळजवळ संपलं होतं. "तेलाविना बेअरिंग झिजलं बघा. चालत्या गाडीत जाम झालं असतं, तर चाकं जागीच अडकली असती. खाली डाग पडत नव्हता का?"

साधना गॅरेजच्या पायरीवर बसून रडू लागली. ते रडणं संतापाचं होतं.

सील बदललं, बेअरिंग बदललं, नवं तेल भरलं. आवाज गेला. त्यानंतर जालन्याहून परतताना दुर्गाबाई माझ्यात गाढ झोपल्या. बद्रीनाथकाकांनी मला घेतलं नाही. राधेश्यामांचा नमस्कारही ते घेत नाहीत, आणि ते बरोबर करतात असं मला वाटतं.

मित्रांनो, मला हार नको आहेत. मी कण्हले तर खाली वाकून बघा, नेमकं काय झालंय ते शोधा. आणि कधी मला विकायचं झालं, तर खुशाल विका. पण माझं दुखणं सांगून विका. पुढच्या घरीही माझ्यात कुणाची तरी आई बसणार आहे, कुणाची तरी नात बसणार आहे.