आत्याचा बिस्किटांचा डबा

पहिली चकती: भोवती सगळं पांढुरकं.

बारकीने बशी उजेडाकडे धरली. (नाव बारकी, वजनकाट्याला ते मान्य नाही.) इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तिची निम्मी नोकरी अशा बशा बघण्यात गेली होती. रुग्णाच्या लघवीतले जंतू बशीवर पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या, सकाळी बघायचं. ज्या औषधापुढे जंतूंचं काही चाललं नाही, त्याच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ; बाकी सगळीकडे जंतूंची पांढुरकी साय. बशीवर नुसता नंबर असतो. आजचा नंबर म्हणजे आत्या होती. आईमागे बारकीला वाढवणारी, आणि आत्ता वरच्या मजल्यावर दोन ब्लँकेटांखाली कुडकुडणारी.

दुसरी: पांढुरकं. तिसरी: तेच.

मध्येच सांगायला हवं, की आत्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं नाहीत. बरं वाटलं की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या डब्यात. मग शेजारीण खोकली, उघड डबा. जिन्यापलीकडच्या मास्तरांचा घसा बसला, उघड डबा. "घ्या हो, मला लागू पडल्या होत्या!" हात सढळ. या वेळी ताप आला तेव्हा आत्याने स्वतःलाही त्यातल्याच दिल्या.

चौथी. पाचवी. बारकीने चष्मा पुसला. पुसूनही पांढुरकंच.

सहावी तिच्या अंगठ्याखाली होती. मुद्दामच.

काल आत्याने विचारलं होतं, "दोन औषधं बदलली, तरी मेले हटत कसे नाहीत गं?"

"अक्कल उसनी असते त्यांची. पोटात डीएनएचं एक चिमुकलं कडं असतं, प्लास्मिड म्हणतात. त्यात औषध निकामी करायच्या युक्त्या. एकेका कड्यात तीन-तीन, चार-चार. शेजारी दुसरा जंतू भेटला, की नळी जोडून कड्याची नक्कल देऊन टाकायची."

"नात्यातला लागतो का?"

"छे! वेगळ्याच प्रकारचा असला तरी चालतो."

"आणि देणाऱ्याचं कडं?"

"त्याच्याकडे राहतंच की."

"अगंबाई, मग माझ्यापेक्षा बरे! मी दिलं की माझ्याकडचं संपतं." आत्या हसली, आणि हसता हसता दात वाजायला लागले.

ते दात बारकीला इथे, खाली, ऐकू येत होते. एवढी एकच चकती.

अंगठा उचलला.

स्वच्छ. गोल. मोकळं.

लिफ्ट समोर उभी होती, तरी बारकी जिन्याने पळाली.

औषध शिरेतूनच द्यायचं होतं. ताप उतरला, आणि आत्या उशीला टेकून बसली. "मला आता छान वाटतंय. राहिलेली इंजेक्शनं बांधून दे. मास्तरांची कंबर..."

"आत्या!"

"बरं बाई."

"डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत घ्यायची. शेवटच्या थेंबापर्यंत."

"बरं म्हटलं ना!"

घरी आल्यावर डबा आत्यानेच पुढे सरकवला. "मोरीत ओत सगळं."

"मोरीत अजिबात नाही! तिथे जंतूंचीच वस्ती. आयती शिकवणी मिळेल. इस्पितळात जाळायला नेते."

तळाशी एक छोटी बाटली निघाली. आत गुलाबी खडा झालेलं औषध, अर्ध्यापर्यंत. आत्याने तिच्यावर हात ठेवला.

"ही राहू दे. तुझी आहे."

"माझी?"

"पहिलीत होतीस. ताप गेला नि पलंगावर उड्या मारायला लागलीस. मग कशाला संपवायची? म्हटलं, माझ्या पोरीला पुन्हा लागली तर!"

बारकीने आत्याच्या हाताखालचीच बाटली हलवून बघितली. काहीच हललं नाही.

"लागली नाही ना पुन्हा?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग ने." आत्याने हात काढला. "डबा मात्र परत आण. आणि रिकामा नको, खरीच बिस्किटं घालून आण. मास्तर खोकले तर त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायला नको?"