नगातीचा उंट

इजिप्तमधल्या आमच्या दुमयात शहरात दोन प्रकारची माणसं राहतात: फर्निचर घडवणारी आणि घडवलेल्या फर्निचरमध्ये खोट काढणारी. सबरीच्या कॉफीच्या दुकानात दोन्ही प्रकार दर गुरुवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर एका टेबलाशी बसतात आणि सगळे मिळून कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळतात. आठवड्याला एक चाल. कॉम्प्युटर त्याची चाल पापणी लवायच्या आत खेळतो, आम्हाला आठवडा लागतो, आणि इतकी वर्षं हरत आलोय आम्हीच. आमचा नियम एकच आहे. हात वर करण्याआधी कारण सांगायचं.

त्या गुरुवारी बरोबरी प्रथमच आमच्या हातात आली होती. घोडा मागे घेतला की पटावर तीच मांडणी तिसऱ्यांदा येणार आणि डाव बरोबरीत सुटणार, इतकं सोपं. पण टेबलाशी नगाती नव्हता. आमच्यातला सगळ्यात जुना खेळाडू, निवृत्त गणित मास्तर. त्याला पुरून आठवडाही झाला नव्हता.

"घोडा," डॉक्टर वग्दी म्हणाला. वग्दीचं औषधाचं दुकान आहे; आमच्याकडे तेवढ्यावर डॉक्टर म्हणतात. "कारण सांगायला नको, शेंबड्या पोरालाही कळेल."

"उंट," मुअल्लिम शहाता म्हणाला.

शहाता सुतार; मुअल्लिम म्हणजे मिस्त्री. बोलणं बेताचं, हात मात्र सोन्याचे. त्याच्या पोराने नगातीच्या मुलीशी, अबीरशी, ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडलं, तेव्हा लग्नाचा पलंगदेखील शहातानेच घडवून तयार ठेवला होता. त्यानंतर तो आणि नगाती याच टेबलाशी बसत, पण एकमेकांशी बोलत नसत. मध्ये मी. "त्याला सांग, हत्ती हलवलास तर गाढव आहेस." "त्याला सांग, गाढव कोण ते दिसेलच." दोघांनाही सगळं ऐकू आलेलं असे, तरी मी निरोप पोचवत असे. विद्यापीठात इतिहास शिकवण्यापेक्षा ते काम जबाबदारीचं होतं.

"उंट कुठे?" सबरीने विचारलं.

"राजापुढच्या प्याद्यावर. नगातीने सांगितलंय. इस्पितळात, शेवटच्या दिवशी."

आम्ही पटाकडे पाहिलं. उंट त्या प्याद्यावर गेला तर मरणार, आणि बदल्यात एक प्यादं सोडून काही मिळणार नाही. हे कळायला कॉम्प्युटर लागत नव्हता.

"मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा आहे," सबरी हळूच म्हणाला. "मागे एकदा मी मशिदीतल्या शेखसाहेबांना विचारलं होतं. इस्टेटीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत माणूस मृत्युपत्र करू शकतो म्हणाले. एक उंट म्हणजे त्याहून कमीच."

"उंट त्याच्या इस्टेटीत नव्हता," वग्दी म्हणाला. "तो सगळ्यांचा आहे. आणि त्या दिवशी त्याला काय काय टोचत होते ते मला ठाऊक आहे. त्या औषधावर माणूस स्वतःच्या बायकोला मावशी म्हणतो. ते बोलणं धरायचं नसतं."

शहाताने चहाचा पेला खाली ठेवला.

"मग दुसरंही धरायचं नाही?"

"दुसरं काय?"

"त्याने माझा हात धरला. म्हणाला, शहाता, माझ्या मनात तुझ्याबद्दल आता काही नाही. आणि त्याच दमात म्हणाला, उंट टाक प्याद्यावर." तो माझ्याकडे बघत बोलत होता, सवयीने. "एकाच दमात, प्रोफेसर. एक बरळणं असेल तर दुसरंही बरळणंच."

सबरीने उगाच टेबल पुसायला घेतलं. वग्दीने हात वर केला.

"उंट," तो म्हणाला.

सबरीने हात वर केला. मीही केला. माणसं चांगुलपणाने वागू लागली की त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. आम्ही तिघं पटाकडे बघत होतो.

"कारण?" शहाता म्हणाला.

सबरी दुसऱ्या हाताने टेबल पुसत राहिला.

"कारण सांगा ना. वग्दी, आत्ता तर घोडा म्हणत होतास."

"विचार बदलला."

"तो जिवंत असताना एकदा तरी बदललास? एका प्याद्यावरून अख्खी संध्याकाळ भांडायचास त्याच्याशी. आता माझी कीव आली म्हणून हात वर. म्हणजे तुम्हा सगळ्यांना खात्रीच आहे, तो शुद्धीत नव्हता." त्याचा आवाज चढला नव्हता. "हात खाली घ्या. भांडायचं तर नीट भांडा."

वग्दीने हात खाली घेतला. आता तो खरंच चिडला होता.

"भांडू? ठीक आहे. ही चाल भिकार आहे. आणि भिकार चाल सांगायला त्याला औषध लागायचं का? मागच्या हिवाळ्यात, मागच्या डावात, याच खुर्चीत, धडधाकट, दोन पेले चहा पिऊन, त्याने हाच उंट याच प्याद्यावर टाकायला सांगितला होता. त्या आधीच्या डावातही. त्याला बरोबरीसाठी खेळायचंच नसायचं. म्हणायचा, बरोबरी म्हणजे दोघांनी मिळून पळून जाणं. गणिताचा मास्तर आणि उंट उधळायचा हौशी. प्रत्येक वेळी मीच अडवलाय त्याला."

"हाच उंट?" शहाताने विचारलं.

"हाच. निरोप यानेच पोचवला असेल. विचार याला."

शहाता माझ्याकडे वळला. मला आठवत होतं. "त्याला सांग, घाबरट आहेस," असा नगातीचा निरोप होता, आणि तो मी शहातालाच दिला होता, कारण तेव्हा उंटाच्या विरोधात तोही होता.

"हो, मुअल्लिम," मी म्हणालो. "तुम्ही म्हणाला होतात, या माणसाला उंटाचा काय राग आहे."

शहाता हसला नाही. पण इतका वेळ वर चढवून ठेवलेले त्याचे खांदे खाली आले. त्याने एकदा पटावरून नजर फिरवली, सुतार फळी विकत घेण्याआधी फिरवतो तशी.

"म्हणजे नेहमीचाच नगाती. चाल भिकारच आहे," तो म्हणाला. "घोडा. कारण, उंट फुकट मरतो."

चौघांनी कारणं सांगितली आणि हात वर केले. सबरीने घोडा मागे घेतला. पडद्यावर डाव बरोबरीत सुटल्याची ओळ आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सबरी म्हणाला, "नगाती आपल्याला शिव्या घालत असेल." वग्दी म्हणाला, "घालू दे, त्याचा हक्कच आहे," आणि चष्मा पुसायला लागला.

शहाता उठला. सदऱ्यावरचा भुसा त्याने झटकला.

"बरोबरीचं अबीरला कोण सांगणार?"

मयतीच्या दिवसांत तो गल्लीत घातलेल्या शोकाच्या मांडवात इतर पुरुषांबरोबर बसला होता, पण लग्न मोडल्यापासून त्या घराची पायरी चढला नव्हता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"मी येऊ का बरोबर?" मी विचारलं.

"नको. मी बोलतो."

आम्ही दारातून बघत राहिलो. नगातीच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो थांबला. तिथे बराच वेळ उभा राहिला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं, आणि आत वळला.