केंब्रिजमधलं पहिलं ‘नको’

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. गोल, लाल आणि या वयातही देखणा. माझ्या झाकणावर घोड्यावर बसलेला एक शिपाई आहे. पुसून पुसून त्याचं नाक उडालं आहे, पण घोडा शाबूत आहे. आजकालच्या प्लास्टिकच्या डब्यांना विचारा, आहे का कुणाकडे घोडा?

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. एका नाताळात मी बिस्किटं भरून लंडनमधल्या स्टॅनमोरच्या सतीशकाका आणि नीनाकाकूंच्या घरी गेलो. बिस्किटं बघता बघता संपली, माझ्यात चिवडा आला आणि माझं खरं शिक्षण सुरू झालं. काकू मला पाहुण्यांपुढे धरायच्या. पाहुणे म्हणायचे, “नको नको, आत्ताच खाऊन निघालोय.” काकू म्हणायच्या, “अहो घ्या हो, एवढ्याशाने काय होतंय!” पाहुणे पुन्हा नको म्हणायचे, पण जरा हळू. काकूंनी आणखी एकदा म्हटलं की “बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर” असं म्हणत माझा तळ दिसेपर्यंत खायचे. पहिलं नको हे नको नसतंच, हे मी तिथे शिकलो.

मग घरात हवाबंद डबे आले आणि माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली. माझ्यात खिळे भरले. खिळे, मित्रांनो! मी ढसाढसा रडलो असतो, पण मला गंज चढतो. शेवटी मला जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चॅरिटी शॉपमध्ये देऊन टाकलं आणि तिथून केंब्रिजच्या ब्रेंडाबाईंनी मला उचललं. बाई एकट्याच राहायच्या. वरची खोली त्या विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायच्या.

गेल्या ऑक्टोबरात त्या खोलीत नागपूरची स्वराली आली. बॅगा दारात टेकवून ती खुर्चीत बसली, तेव्हा तिचा चेहरा भुकेने एवढासा झाला होता. बाईंनी चहा दिला, माझं झाकण काढलं आणि विचारलं, “बिस्कीट?”

“नो नो, थँक यू,” स्वराली म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली.

बाईंनी झाकण लावलं.

अहो बाई, पुन्हा विचारा! मी आतून जीव तोडून ओरडत होतो. पण डब्याचं ऐकतो कोण? रात्रीच्या जेवणाचंही तेच झालं. बाईंनी बटाट्याचं सारण भरून ‘पाय’ नावाचा इंग्रजी पदार्थ भाजला होता. स्वराली म्हणाली, “नको, तुम्हाला उगाच त्रास.” बाईंनी तो फ्रीजरमध्ये ठेवला. स्वरालीने वर जाऊन आईने दिलेले बेसनाचे लाडू खाल्ले.

पुढचे दिवस असेच गेले. स्वराली दिवसभर शेकडो वर्षांच्या इमारतींमधून हिंडायची, गवतावर पाय ठेवला म्हणून ओरडा खायची, सायकलवाल्यांच्या घंटा ऐकून दचकायची आणि दमून घरी यायची. बाई मला पुढे करायच्या, ती नको म्हणायची, बाई झाकण लावायच्या. हिला आवडत नसतील म्हणून बाईंनी आल्याची बिस्किटं आणली. मग क्रीमची, मग चॉकलेटची. प्रत्येक नव्या बिस्किटाला स्वराली आवंढा गिळून नको म्हणायची. मला तर हसावं की रडावं कळेना.

एकदा ती स्वयंपाकघरात स्पीकर लावून फोनवर आईशी बोलत होती. “आई, बाई तशी नाइस आहे गं, पण नुसतं फॉर्मॅलिटी म्हणून विचारते.”

“दुसऱ्यांदा विचारते का?” आईने विचारलं.

“नाही ना!”

“मग बाप्पा, मनात नसंल तिच्या.”

त्याच संध्याकाळी बाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, “पोरीला माझ्या घरचं काहीच गोड लागत नाही. मी तरी काय करू?” दोन्ही बाजू ऐकून माझं झाकण गरम झालं.

व्हायचं तेच झालं. वर्गातल्या ईशिताच्या घरात एक खोली रिकामी होती. ही ईशिता इथेच इंग्लंडात, मेडनहेडला जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी मुलगी. स्वरालीने बाईंना सांगितलं, “मी शनिवारी तिकडे शिफ्ट होईन म्हणते.” असं सांगितलं की समोरच्याने “का गं, काय झालं?” म्हणायचं असतं. बाई म्हणाल्या, “बरं. तुला सोयीचं असेल तसं.” स्वराली वर जाऊन रडली. बाईंनी पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मला दोघींचा भयंकर राग आला आणि दोघींची दयाही आली.

शनिवारी बॅगा दाराशी आल्या. बाई मागे बागेत होत्या. स्वरालीने इकडेतिकडे पाहिलं, मला ओढलं आणि झाकण उपटलं. माझं झाकण मुकाट्याने निघत नाही. असं ठणकन वाजलं की बाई धावत आत आल्या. स्वरालीच्या तोंडात एक बिस्कीट होतं आणि दोन्ही हातांत एकेक.

“तुला आवडतात?” बाईंनी विचारलं.

“पहिल्या दिवसापासून,” स्वराली भरल्या तोंडाने म्हणाली.

“पण तू तर नको म्हणालीस!”

“दर वेळी एकदाच म्हणाले हो!” आणि तिला रडूच कोसळलं. “आमच्याकडे पुन्हा विचारतात. तुम्ही विचारलंच नाही. मला वाटलं, मी तुम्हाला नकोच आहे.”

बाईंनी तिच्यासमोर खुर्ची ओढली. “आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायचं नाही. माणसाला संकोच होतो.” मग त्यांनी हात पुसले, घसा खाकरला आणि माझ्याकडे बघत विचारलं, “तुला जायलाच हवं का?”

“हो. ईशिताला सांगितलंय.”

बाईंचे कान लाल झाले. इंग्रज बाईने दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे केवढं धाडस! “नाही गेलीस तर नाही चालणार?”

“नको, तुम्हाला उगाच त्रास,” स्वराली म्हणाली, पण जरा हळू. तो हळू आवाज मी ओळखला.

“राहा ना, स्वराली,” बाई म्हणाल्या. “तू गेलेली मला आवडणार नाही.”

“बरं,” स्वराली डोळे पुसत म्हणाली, “तुम्ही एवढं म्हणताय तर.”

तेवढ्यात स्वरालीला न्यायला आलेली ईशिता आत आली. “स्वराली, बॅग अजून इथेच? मी पूर्ण गाडी रिकामा केली!” बाईंनी मला तिच्यापुढे धरलं आणि पुन्हा विचारायच्या तयारीने श्वास घेतला. पण ईशिताने पहिल्याच फटक्यात “येस प्लीज” म्हणून तीन उचलली.

तर मित्रांनो, मी डबा. मला फक्त भरून राहणं आणि रिकामं होणं एवढंच येतं. तुम्हाला बोलता येतं. परक्या गावात पोटात कावळे ओरडत असतील, तर पहिल्यांदाच हो म्हणा. आणि कुणी तुमच्या घरातून निघालं असेल आणि त्याने जाऊ नये असं वाटत असेल, तर तसं सांगा. नाही ऐकलं तर पुन्हा सांगा. कान लाल झाले तरी चालतील.