हसणारी सासू

प्रेम नगरच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो मोबाइल पुढ्यात धरून बसलेला, आणि प्रत्येक मोबाइलवर तीच बाई: टीव्ही मालिकेतली कजाग सासू, दहा हातांत दहा लाटणी, कपाळावर आठ्या. मालिका-सिनेमांची अशी थट्टा करणारी चित्रं चित्रानंद महाराज 'हास्यावतार' नावाचं डिजिटल टोकन, म्हणजे ब्लॉकचेन या न खोडता येणाऱ्या संगणकी वहीतली नोंद, म्हणून मंत्रून विकत.

"बेटा, ब्लॉकचेन क्या है? कर्मों की चेन," महाराज म्हणाले. "जो लिख गया, ब्रह्मा भी न मिटा पाए. अब आँखें बंद करो."

शंख वाजला. डोळे उघडले, तर सगळ्या फोनांत सासू हसत होती. जे बदलूच शकत नाही म्हणतात, ते बदललं होतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"सास हँसी, समझो रोग उतरा. मेरी मत मानो, इंजीनियर साहब से पूछो." महाराजांनी पुढच्या रांगेतल्या दीनानाथरावांना हात धरून उठवलं. ट्रान्सफॉर्मरच्या सरकारी कारखान्यातून ते निवृत्त झालेले. हिंदीभाषक मोहल्ल्यात या मराठी माणसाच्या शब्दाला वजन होतं.

"मैंने खुद जाँचा है," ते म्हणाले.

तपासलं काहीच नव्हतं. सगळे आपल्याकडे बघताहेत, ते बरं वाटलं, इतकंच.

घरी त्यांच्या बायकोनं, कुसुमावतीबाईंनी, मधुमेहाच्या गोळ्या फडताळात मागे सारल्या. "सासू हसली की रोग उतरतो म्हणे. आणि तुम्ही तर तपासलंयच."

खरं सांगायचं, तर आपण खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. दीनानाथराव वर्तमानपत्र वाचत राहिले.

पंधरवड्यानं बाई स्वयंपाकघरात कोसळल्या. दवाखान्यात शुद्धीवर आल्या, तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी त्यांची मुलगी सलोनी खाटेशी बसून त्यांचाच फोन बघत होती.

"पप्पा, टोकन बदलत नाही, ते खरं आहे. पण चित्र टोकनमध्ये नसतंच. त्यात नुसता पत्ता असतो, चित्र कुठे ठेवलंय त्याचा. ते आहे महाराजांच्या कॉम्प्युटरवर. तिथं त्यांनी आठ्यावाली काढून हसरी ठेवली, की सगळ्यांच्या फोनवर हसरी. तुम्ही बघितलं नव्हतं का?"



बाई घरी आल्यावरच्या रविवारी सलोनी सभागृहात उभी राहिली. तिनं सगळ्यांना स्वतः बनवलेलं टोकन फुकट पाठवलं होतं. सासू तीच. "आँखें बंद कीजिए," ती म्हणाली आणि लॅपटॉपची कळ दाबली. डोळे उघडले, तर लाटणी घेऊन, लुगडं नेसून खुद्द महाराज. आधी एक पोरगी खिदळली, मग सगळं सभागृह. सलोनीनं करामत उलगडून सांगितली. महाराज "नेटवर्क में दोष है" पुटपुटत मागच्या दारानं निघून गेले.

हसणं ओसरलं, तशी शेजारची सुनीता श्रीवास्तव उठली. "भाईसाहब, हमारे इन्होंने बीपी की दवा बंद कर दी है. महाराज के कहने से नहीं. आपके कहने से."

दीनानाथराव उठून उभे राहिले. "मैंने कुछ नहीं जाँचा था, बहनजी."

"फिर कहा क्यों?"

"सब देख रहे थे. अच्छा लगा."

मग ते सगळ्यांकडे वळले. कुणीही 'मी तपासलंय' म्हणालं, मग तो इंजिनिअर असो की महाराज, तर कसं तपासलं ते विचारा, असं त्यांनी सांगितलं. दाखवता आलं नाही, तर मानू नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

"ये बात घर चलकर इनसे भी कहिए," सुनीता म्हणाली. "मेरी नहीं सुनते."

दीनानाथराव चपला घालून तिच्यामागे निघाले. हेच सगळं आता तिच्या नवऱ्याच्या तोंडावर पुन्हा म्हणायचं होतं.