वैनीच्या हातची रोटी

नागपूरच्या इंदोऱ्यात लंबी रोटी करणाऱ्या बाया पुष्कळ होत्या, पण लग्नकार्यात पहिलं बोलावणं यायचं ते शालिकरामच्या बायकोला. सिंधू चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यापुढे बसली, की सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर असा खेळवायची की बघता बघता तो कोपरापर्यंत लांबायचा आणि ओल्या पदरासारखा मडक्यावर अलगद पसरायचा. कुठे भोक नाही, कुठे जाड कड नाही. तिच्या हातांवर मनगटापासून वर चटक्यांचे डाग होते. घरात मात्र तिच्या रोटीचं कोणी नाव काढत नसे. तिची सासू अंजनाबाई जेवून उठताना फार तर म्हणायची, "रस्सा जरासा पातळ झाला वं." रोजच्या गोष्टीचं कोण काय कौतुक करणार, अशी सिंधूनं मनाची समजूत घातली होती.

ती समजूत मोडली अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात, धाकटा दीर अनंत बायकोला घेऊन विलायतेहून आला तेव्हा.

अनंत इंजिनिअर होऊन बर्मिंगहॅमला नोकरीला लागला होता. लग्नानंतर त्यानं कौसल्येलाही तिकडे नेलं, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. कौसल्या कामठीच्या एका मास्तरांची मुलगी, बी.ए. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला चहापलीकडे काही करता येत नव्हतं, आणि सिंधूनंच तिला भाताचं पाणी किती ठेवायचं ते दाखवलं होतं. तीच कौसल्या आता अंगणात खाटेवर बसून विलायतेतल्या आपल्या स्वयंपाकाच्या गोष्टी सांगत होती, आणि गल्लीतल्या निम्म्या बाया तोंडात बोट घालून ऐकत होत्या.

"पहिल्या हिवाळ्यात तर मी नुसती रडून राहिली होती," कौसल्या सांगत होती. "दुपार कलली का अंधार. अन् तिकडची पावरोटी अशी फिक्की, का खाल्ली का नाही तेच समजत नाही. एका रविवारी म्हटलं, आता काही का होईना. कणीक भिजवली अन् लोखंडी कढई गॅसवर पालथी घातली."

"कढई?" अंजनाबाई पुढे सरकली.

"मंग मडकं कुठचं आणू तिथं? पहिली रोटी चिंध्या चिंध्या झाली. दुसरी जळली. घरभर धूर. खालची घरमालकीण म्हातारी पळत वर आली, तिले वाटलं आग लागली! तिलेच खुर्चीवर बसवलं, अन् मटनाच्या रश्श्यात रोटी चुरून समोर ठेवली. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, पण बाईनं आणखी मागून खाल्लं."

अंगण हसण्यानं भरून गेलं. कौसल्या म्हणाली, आता दर रविवारी तिच्या घरी पंगत असते. पंजाबी येतात, गुजराती येतात, नागपूरकडचा एक पोरगा तर दोन गाड्या बदलून येतो. बाहेर बर्फ पडत असतो आणि आत सगळे घाम पुसत रस्सा ओरपत असतात.

सिंधू आत चुलीपाशी होती. हसणाऱ्या त्या सगळ्यांसाठी चहा तीच करत होती. फुंकणीनं जाळ करताना तिच्या मनात आलं, कढईवर केली तर एवढं नवल, आणि मी जन्मभर मडक्यावर करते ते कोणाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे नत्थूजी आले. अंजनाबाईनं त्यांना सगळी गोष्ट पुन्हा ऐकवली, धुरासकट आणि म्हातारीसकट. नत्थूजी मान हलवत म्हणाले, "पोरगी मोठी हिमतीची हाये वं, अंजनाबाई. परदेशात राहून रोटी सोडली नाही तिनं!" नत्थूजींच्या दोन्ही पोरींच्या लग्नात रोट्या सिंधूनं केल्या होत्या. धाकटीच्या वेळी तर तिच्या अंगात ताप होता. नत्थूजी तिनंच दिलेला चहा बशीत ओतून पीत होते आणि धाकट्या सुनेचं गुणगान गात होते. सिंधू कप उचलायला आली, तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही.

तेव्हापासून सिंधूला कौसल्येचं सगळंच डोळ्यांत सलायला लागलं. तिचे डाग नसलेले हात. तिचा लोकरीचा कोट, जो अंजनाबाई दुपारच्या उन्हात उगाच अंगावर घालून बसायची. तिचं दोन वाक्यांआड "आमच्या तिकडे" म्हणणं. आणि सगळ्यांत जास्त सलायचं ते हे, की बाई वाईट नव्हती. भांडी घासायला आपण होऊन बसायची, "ताई, ताई" करत मागे फिरायची. वाईट असती तर निदान मनमोकळेपणानं राग तरी करता आला असता.

शालिकराम हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. कंपनीच्या बसची वेळ झाली होती, तो चप्पल शोधत होता. सिंधूनं एकदम विचारलं, "तुमच्या मायले मी दिसत नाही काय?"

"काहून? काय झालं?"

"काही नाही. डब्बा घ्या."

रविवारी नातेवाईक जेवायला यायचे होते. मटणाचा रस्सा, लंबी रोटी असा बेत ठरला. सकाळीच अंजनाबाईनं सांगून टाकलं, "सिंधू, तू नेहमी करतेच. आज रोट्या कौसल्या करन. लोकाईले पाहू दे. तू फक्त कणीक मळून दे."

माझं मडकं, माझी चूल, आणि कणीकही मीच मळायची. सिंधूनं कणकेचा डबा पुढे ओढला. परातीत कणीक घेतली, मीठ घातलं, पाणी सोडत सोडत हात चालवायला सुरुवात केली. या कणकेला खूप मार लागतो. आपटून, ताणून, पुन्हा पाणी लावून, हातातून सोडली तर तुटू नये इतकी तिला तार आणावी लागते. कणकेला तार यायला थोडंच राहिलं असताना सिंधूचे हात थांबले. तिनं परातीवर ओलं फडकं टाकलं आणि हात धुऊन टाकले. आपण काय केलं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे जमले. कौसल्या पदर खोचून मडक्यापुढे बसली. अंजनाबाई सगळ्या बायांना घेऊन भोवती उभी. पहिला गोळा हातावर लांबायला लागला आणि मधोमध फाटला. कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. दुसरा मडक्यापर्यंत पोचला, पण अर्धा चुलीत पडला. करपल्याचा वास सुटला. सिंधू दाराला टेकून उभी होती. आपल्या छातीत जे उसळतंय तो आनंदच आहे, हे कळून तिला स्वतःचीच जराशी भीती वाटली.

कौसल्येनं तिसरा गोळा घेतला नाही. चिमूटभर कणीक ओढून पाहिली. मग मान वर करून सिंधूकडे पाहिलं, अगदी सरळ. सिंधूला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर बोलणार. पण कौसल्या फक्त म्हणाली, "थांबा जरासं," आणि परात पुढ्यात ओढून कणीक आपटायला लागली. तिच्या कपाळावरून घाम गळायला लागला, बांगड्या वाजून वाजून एक फुटली, तरी ती थांबली नाही. त्यानंतरची रोटी नीट उतरली. पुढची त्याहून चांगली.

"पाहिलं!" अंजनाबाई म्हणाली. "विलायतेत राहून कसा हात बसवला!"

जेवणं झाली, पाहुणे गेले. दोघी जावा मागच्या नळावर भांडी घासायला बसल्या. सिंधूनं मूठभर राख परातीवर टाकली.

"ताई, कणीक कमी मळली होती ना?" कौसल्येनं विचारलं.

"हो."

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम," सिंधू म्हणाली, आणि मग तिला थांबता येईना. "तू तिकडं कढईवर एक रोटी केली, तर पूर्ण इंदोऱ्यात डंका. मी इथं वीस वर्षांपासून हात जाळून राहिली, मले कोणी पुसलं? सासूले तू लाडकी, नवऱ्याले नोकरी तिकडची, कोट तुह्या अंगावर. तुले सगळंच भेटलं. एक रोटी माही होती, तेही पाहिजे तुले?"

कौसल्येनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती रडेल असं सिंधूला वाटलं होतं, पण तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"तुमाले सांगू का, मी रोटी काहून शिकली ते? मी गोष्टीत सांगतो तसं नाही झालं. मले रोटीची आठवण नव्हती येत. यायले, तुमच्या दिराले, येत होती. मी पोळी करो, भात करो, ताट समोर आलं का यायचं एकच बोलणं. वैनीच्या हातची रोटी अशी, वैनीच्या हातचा रस्सा तसा. बर्फात रडली मी, ते याच्यासाठी रडली. मंग म्हटलं, करूनच दाखवतो. कढईवर करकरून हात पोळले, तिथल्या थंडीनं दाग गेले एवढंच. सगळे खातात, वा वा करतात. अन् यायचं काय? खातात अन् म्हणतात, 'चांगली हाये, पण वैनीच्या हातची नाही.' सहा वर्षं, ताई. माह्याच घरात, माह्याच टेबलावर, दर रविवारी तुमचं नाव."

सिंधूनं हातातली राख खाली टाकली.

"खरंच म्हणते का अनंत?" तिनं हळूच विचारलं.

"पाहा, तुमाले हसू येऊन राहिलं," कौसल्या चिडून म्हणाली.

येत होतंच. सिंधूनं तोंड फिरवलं आणि नळ सोडला. ते हसू चांगलं नव्हतं, दुसरीच्या जळण्यावरचं होतं, पण इतक्या दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटत होतं. मग लगेच दुसरा विचार आला. आपलं नाव तिकडे जाऊन आलं, बर्फ पाहून आलं. आपण नाही गेलो. जिनं ते नाव रागानं ऐकलं, तिनं तो बर्फ तरी पाहिला. हसू होतं तिथेच पुन्हा काहीतरी टोचलं.

"उद्या बस माह्याजवळ," भांडी उचलताना ती म्हणाली. "तुह्या रोटीची कड जाड राहते. मनगट अडते तुहं."

"अन् कणीक कोण मळन?"

"तूच मळ. मले नको इचारू."

अनंत-कौसल्या परत जायच्या आधी त्याचे शाळेतले दोस्त जेवायला आले. या खेपेला दोन चुली पेटल्या, दोन मडकी पालथी पडली. दोघी शेजारी शेजारी बसल्या. हिची रोटी उतरली की तिचा हात जोरात चालायचा. अंजनाबाई मधूनच ओरडली, "अवं, खाणारे किती अन् तुमी करता किती!" तरी कोणी थांबलं नाही.

शालिकराम वाढत होता. दोन्ही चुलींवरच्या रोट्या एकाच टोपल्यात पडत होत्या. अनंतच्या ताटात गेलेली रोटी मात्र कौसल्येनं आत्ताच उतरवलेली होती, दोघींनीही ती जाताना पाहिली. अनंतनं तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले.

"पाहा गा," तो दोस्तांना म्हणाला, "हे असते वैनीच्या हातची रोटी! हे तिकडं जन्मात नाही भेटत."

कौसल्येचे हात मडक्यावर थांबले. ती अनंतकडे नाही, सिंधूकडे बघत होती. सिंधूनं मान खाली घातली. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? शालिकरामला नाही, सासूला नाही. अनंत असाच आणखी सहा वर्षं बर्मिंगहॅममध्ये तिचं नाव घेत राहिला असता. एक गोळा तिनं हातावर घेतला, लांबवला, मडक्यावर टाकला. तो भाजून होईपर्यंत ती गप्पच राहिली.

मग म्हणाली, "भाऊजी, ते माही नाही. तुमच्या बायकोच्या हातची हाये."

दोस्त मोठ्यानं हसले. अनंत हातातल्या तुकड्याकडे पाहत बसला, मग ओशाळून बायकोकडे. "हो काय वं?" तो म्हणाला, "मस्तच झाली मंग." कौसल्येनं नाकानं हुंकार भरला आणि पदरानं चेहरा पुसला, धुराच्या निमित्तानं.

खरं बोलल्यावर हलकं वाटेल, असं सिंधूला वाटलं होतं. वाटलं नाही. अनंतनं दुसरी रोटी मागितली आणि ती कोणाच्या चुलीवरची हे आधी विचारलं, तेव्हा तिला पुन्हा तेच जुनं सललं. तिनं पुढचा गोळा घेतला आणि नेहमीपेक्षा जास्त लांब ओढला.