उजव्या कानावरचे हाड

मित्रांनो, मी कवटीच्या हाडाचा एक जुना तुकडा आहे, तळहाताएवढा, थोडा बाकदार. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका माणसाच्या डोक्यात, उजव्या कानाच्या वर माझे घर होते. माणूस मोठा थट्टेखोर. "माझं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही," असे तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

एका दुपारी त्याची शिडी सरकली आणि तो डोक्यावर आपटला. आत रक्त साकळले, मेंदू सुजला. त्या सुजेला जागा मिळावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला कापून वेगळे केले. आता आपल्याला टाकून देणार, या भीतीने मी गळाठलो. पण सूज उतरेपर्यंत मी ताजा राहावा म्हणून त्यांनी मला त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवले.

मग लांबलचक वाट पाहणे सुरू झाले. त्याच्या डोक्याची उजवी बाजू खोल गेली होती, डावा हात लुळा पडला होता. लेक त्याच्याकडे बघायला बिचकायची. त्याची बायको शिवणकाम करायची, मशीन थांबवून ती त्याच्या पोटावर हात ठेवी आणि विचारी, "अजून आहे ना हो आत?"

"आहे की. फुकटात राहतंय लेकाचं," तो म्हणायचा.

हाताची बोटे हलू लागली, सूज उतरली आणि मला परत जागेवर बसवले. स्क्रूंनी घट्ट केले. लेकीने त्याचा भांग पाडला. मित्रांनो, इतके कौतुक मला जन्मात मिळाले नव्हते.

पण माझ्यात पूर्वीसारखे रक्त खेळत नव्हते. जंतू शिरले तेव्हा त्यांना अडवायला माझ्याकडे काहीच नव्हते. एका सकाळी बायकोला उशीवर पिवळट डाग दिसला. तेल असेल, असे तिने स्वतःला समजावले आणि अभ्रा धुऊन टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. तिने गडद रंगाचा अभ्रा घातला. जखम ओली दिसली तर त्याच दिवशी या, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते आणि ते तिच्या पक्के लक्षात होते. पण पुन्हा तेच टेबल, पुन्हा तीच करवत, हे तिच्या मनाला झेपत नव्हते. तो सुस्तावला, अंग कोमट लागू लागले. उन्हाने असेल, ती म्हणाली. मी आतून पोखरला जात होतो आणि मला तोंड नव्हते.

मग जेवता जेवता त्याला झटका आला. डावे अंग थडथडू लागले, डोळे फिरले.

जखम कधीपासून वाहतेय, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"बरेच दिवस झाले," बायको म्हणाली. "मी अभ्रे धुत होते."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हाड काढावे लागेल, या वेळी ते परत ठेवता येणार नाही, एवढेच त्यांनी सांगितले.

"उकळून, धुऊनसुद्धा नाही?"

"नाही हो. आतून सडलंय ते."

आत नेताना तो अर्धवट शुद्धीत होता. "पोटात ठेवा म्हणावं," तो पुटपुटला. तिने मान डोलावली. खरे सांगायचे बळ तिच्यात नव्हते.

माझ्याखाली मेंदूच्या आवरणापर्यंत पू पोचला होता. मला बरणीत घालून तपासणीला नेत असताना दाराबाहेर डॉक्टरीणबाई बायकोला सांगत होत्या ते माझ्या कानी आले. जीव वाचला, पण हाताचे आता काही खरे नाही. माझ्या जागी दुसरे, बनवलेले झाकण बसवता येईल का, तेही जंतू पुरते गेल्यावरच कळेल. कदाचित कधीच नाही.

"माझ्यामुळे झालं, हे त्यांना कोण सांगणार?" बायकोने विचारले. डॉक्टरीणबाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

तपासणी झाली की मला दवाखान्याच्या भट्टीत टाकतील. मित्रांनो, त्या बाईला बोल लावू नका; तिने भीतीपोटी केले, मायेपोटी केले. पण तुमच्या घरी शस्त्रक्रियेची जखम ओली दिसली, ताप आला, माणूस मलूल झाला, तर खुशाल घाबरा, हवे तर रडा, पण रडत रडत का होईना, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती अजून बाकावरच बसली आहे. त्याला भेटायला आतून तिला हाक आली आहे आणि तिच्याने उठवत नाही.