बोलावल्याशिवाय

माझा मेहुणा भाषेचा मास्तर. ही गेली तेव्हा स्मशानात भेटला होता. त्यानंतर घरी आला तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊनच.

मी पंख्याची मोटार उघडून बसलो होतो. हात तेलकट होते, म्हणून पत्रिका त्यानेच टेबलावर ठेवली.

"भावोजी, मुद्दाम 'निमंत्रण' लिहिलंय. जुने व्याकरणवाले म्हणायचे, आमंत्रण म्हणजे आलात तर आलात, निमंत्रण टाळायचं नसतं. दोन्हींत मंत्र आहे बघा. मंत्र म्हणजे मसलत. माणसाला आपल्या विचारात घ्यायचं, मग बोलवायचं."

"हिला घेतलं होतंस विचारात?"

तो चपापला. "आम्ही वाट बघत होतो हो. ताईच्या फोनशिवाय आपल्यात कोण कुणाकडे गेलंय?"

खोटं नव्हतं ते. दोन्ही घरांतलं बोलावण्याचं खातं हिच्याकडे. आधी कुणाला सांगायचं, कोण रुसेल, सगळं तिलाच ठाऊक. ती अंथरुणाला खिळली, आवाज बसला, आणि सगळे तिच्या फोनची वाट बघत आपापल्या घरी बसून राहिले. मी कुणाला फोन लावायला गेलो की ती हात धरायची. "आजाऱ्याकडे यायला आवतण लागतं का?" फाटक वाजलं की मान वळवायची. बहुतेक वेळा दूधवाला असायचा.

"आजारी आहे हे माहीत होतं ना तुला?"

"होतं. पण न बोलावता कसं यायचं..."

"सख्ख्या बहिणीकडे?"

त्याने टेबलावरची पत्रिका सरळ केली. मग म्हणाला, "वरचं बोलावणं आलं की कुणाचं काय चालतं, भावोजी!"

"वरच्याने नाही फोनची वाट बघितली."

एवढं बोललो तरी तो 'चुकलं' म्हणेना. मला तेवढंच ऐकायचं होतं. उलट घसा खाकरून म्हणाला, "एक काम होतं. इकडच्या मंडळींना फोन तुम्हीच केलेत तर बरं. ताई असती तर तिनेच केले असते. आमचं कुणी मनावर घेत नाही."

"तू कर. शब्द येतात तुला."

"आणि तुम्ही? येणार ना?"

मी मोटारीतल्या तारेचे वेढे मोजायला लागलो.

त्याने दारात चपला घातल्या. "येतो," म्हणाला आणि थांबला. 'येतो' म्हणणाऱ्याला 'ये' म्हणायचं, एवढंच असतं. ही तर फाटकापर्यंत जाऊन म्हणायची.

मी मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने फाटक वाजलं.